भरणीला पाणी घालू नये

२० ऑगस्ट, बुधवार

आले एकदाची! गणपती आठवड्यावर आलेले असताना लालबागमध्ये घर लावायला निघालेली बाई म्हणजे अक्कल नाशकातच विसरून आलेली बाई, असं विनीत फोनवर म्हणाला. त्याला बोलायला काय जातंय? नवरोबा भर समुद्रात तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर बसलेत, महिनाभर यायचे नाहीत. मंडपाच्या बांबूंमुळे टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. शेवटी सोसायटीचे पंपवाले गणपतकाका आले आणि एकोणऐंशीव्या वर्षी माझे दोन खोके खांद्यावर टाकून चालायला लागले. मी नको नको करत मागे धावले तर म्हणाले, बाय, तू तुझा पोट सांभाळ. अजून नीट दिसतसुद्धा नाही, यांना कसं कळलं कोण जाणे.

घर छान आहे. चाळ पाडून तिथल्या लोकांना बांधून दिलेली बावीस मजली इमारत, त्यात दुसऱ्या मजल्यावर ही जागा कंपनीने माझ्यासाठी सहा महिने घेतलीय. खिडकीतून मागचं मोकळं मैदान दिसतं. तेच माझं ऑफिस. खाली पुरीभाजीवाला आहे, म्हणजे माझं भलं होणार नाही.

एकोणीस आठवडे झाले. गेल्या वर्षीचं बाविसाव्या आठवड्यात गेलं. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. या वेळचं राहू दे. माझं देवाकडे एवढंच मागणं आहे.

डॉक्टर म्हणाल्या, बाळ हलायला लागलं की रोज लिहून ठेवत जा. कंपनीतले राजससर म्हणाले, पाण्याची पातळी रोज लिहून ठेवत जा. दोन वह्या कोण सांभाळणार? दोन्ही इथेच लिहीन.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कामाला लागले. मैदानावर गवत आहे, दोन जांभळी आहेत, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. पण खाली सात मीटर कचरा आहे. गिरणीच्या मागे पूर्वी खाजण होतं, भरतीचं पाणी आत यायचं. शहरातला कचरा, बॉयलरची राख, गिरणीतलं सडकं सूत, जे मिळेल ते टाकून लोकांनी ते भरून काढलं. खाली अस्तर वगैरे काही नाही. तेव्हा कोणाला सुचणार होतं?

आईला फोनवर समजावून सांगितलं. पाऊस वरून आत मुरतो. कचरा आधी ते पाणी पिऊन घेतो. त्याचं पोट भरलं की खालून ठिबकायला लागतं, टांगलेल्या चक्क्यातून ठिबकतं तसं. आणि ते नुसतं ठिबकत नाही, ज्याच्या ज्याच्यातून गेलं त्याचं थोडं थोडं सोबत घेऊन येतं. शिसं, अमोनिया, कुजलेलं सगळं. ते काळं पाणी जमिनीखालच्या पाण्यात मिसळतं, तिथून बोअरमध्ये येतं, तळघराच्या भिंतीतून झिरपतं आणि शेवटी समुद्राला जातं. पन्नास वर्षांपूर्वी कचरा टाकायचा थांबला, पाणी काही थांबलेलं नाही. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, दूध घेतेस ना दोन वेळा?

सोसायटीच्या तळघरात असंच काळं पाणी येतंय म्हणून मला आणलंय. मैदानात तीन निरीक्षण विहिरी आहेत. विहिरी कसल्या, जमिनीत उभे गाडलेले सहा इंची पाईप. रोज मोजपट्टी सोडायची आणि पाणी तोंडापासून किती खोल आहे ते लिहायचं. आकडा कमी झाला म्हणजे पाणी वर आलं. एक नंबर ३.८५, दोन नंबर ३.९०, तीन नंबर ४.१०.

आज एक धमाल गोष्ट दिसली. पंपघराच्या भिंतीवर कोणीतरी तेलरंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'भरणीला पाणी घालू नये'. मला इतकं भारी वाटलं! जुन्या नकाशावरही मैदानाला भरणीच म्हटलंय. म्हणजे भराव घातलेल्या जागेवर पाणी घालू नका, नाहीतर खालून घाण सुटेल, हे या चाळीतल्या कोणा शहाण्याला आमच्या आधी कळलं होतं. फोटो काढून राजससरांना पाठवला. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

हललं!

काल गणपती बसले. खाली ढोल वाजत होते, मी खिडकीत मोदक खात उभी होते आणि आतून टिचकी मारल्यासारखं झालं. आधी वाटलं वात असेल. मग पुन्हा झालं. मी मोदक हातात धरून तशीच रडत बसले. आज सकाळपासून सहा वेळा. विनीतला सांगितलं तर त्याने तीनदा खरंच का म्हणून विचारलं. मग म्हणाला, नाव ठरवूया का? मी म्हटलं, नाही. मागच्या वेळी ठरवलं होतं. या वेळी बारशापर्यंत एक अक्षर काढायचं नाही.

पातळी जैसे थे.

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रयोगशाळेचे आकडे आले. एक आणि दोन नंबरमध्ये अपेक्षित तेच आहे, अमोनिया भरपूर, क्षार भरपूर, रंग चहासारखा. तीन नंबरचं पाणी मात्र स्वच्छ. सात मीटर कचऱ्यात गाडलेल्या पाईपात स्वच्छ पाणी कसं येईल? नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा काढायला गेले. झाकण उघडलं तर वास आला. गटाराचा नव्हता. तान्ह्या मुलाने दूध ओकल्यावर दुपट्याला येतो, तो वास. मी उगाचच झाकण परत लावलं.

काका जांभळीखाली बसले होते. ते पोरांना तीन नंबरच्या आसपास फिरकू देत नाहीत. चेंडू गेला तर स्वतः उठून आणून देतात. मी विचारलं का, तर म्हणाले, पाय घसरतो थंयसर. तिथे पाय घसरण्यासारखं काही नाही.

काकांची बायको राधाकाकू या चैत्रात गेल्या. मूलबाळ नाही. वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांना शिरा नेऊन दिला.

हालचाल नऊ वेळा.

८ सप्टेंबर, सोमवार

काल ग्रहण. सासूबाईंचे फोनवर फोन, सुरी धरू नकोस, सुईला हात लावू नकोस, आडवीच राहा. मी म्हटलं, आई, आडवीच आहे, पुरीभाजी खाऊन. पण खरं सांगते, सुरी नाही धरली.

सकाळी गिरगावात डॉक्टर पद्मजाबाईंकडे जाऊन आले. सोनोग्राफी उत्तम. ठोके उत्तम. बाळाभोवतीचं पाणी चौदा, म्हणजे अगदी हवं तेवढं. जीव भांड्यात पडला. येताना बाळासाठी पिवळं झबलं घेतलं आणि दुकानाबाहेर येऊन घाबरले. आधी घेऊ नये म्हणतात.

परवा तीन नंबरची चाचणी करायचीय. विहिरीत मापून पाणी ओतायचं आणि ते किती वेळात उतरतं ते बघायचं. भरभर उतरलं तर आजूबाजूचा कचरा पोकळ, हळूहळू उतरलं तर घट्ट. खालचं पाणी किती वेगाने कुठे जातंय, ते यावरून कळतं. मजेची गोष्ट म्हणजे भिंतीवर लिहिलंय नेमकं तेच मी करणार. पण वीस लिटरने काय होतंय?

११ सप्टेंबर, गुरुवार

चाचणी काल व्हायची होती, मोजणीयंत्र उशिरा आलं म्हणून आज केली. काका नव्हते. राधाकाकूंचं श्राद्ध करायला सकाळीच दादर चौपाटीवर गेले होते. त्यांच्याशिवायच बादली उचलली.

अकरा वाजता वीस लिटर ओतलं. पातळी ४.१० वरून २.९७ वर आली. हिशेबाप्रमाणे बरोबर. आता उतरायला हवी. पाच मिनिटांनी २.९७. दहा मिनिटांनी २.९५. मला वाटलं यंत्राचा लोचा आहे, म्हणून मोजपट्टी सोडली. २.९४. बारा वाजता २.८८. ओतलेलं पाणी उतरत नव्हतं. खालून आणखी येत होतं.

दोन वाजता काका आले. विहिरीपाशी रिकामी बादली बघितली आणि तिथेच मातीत बसले. मला वाटलं ऊन लागलं. पाणी द्यायला गेले तर हात झटकला. पानी घातलंस? आज? आज भरणी गो, असं दोन-तीनदा म्हणाले. मी म्हटलं, हो काका, भरणीच आहे ही, भराव आहे ठाऊक आहे मला. तर कपाळावर हात मारून घेतला.

ते भिंतीवर भरावाबद्दल लिहिलेलं नाही. भरणी नक्षत्राबद्दल लिहिलंय. पितृपंधरवड्यातली भरणी. दसऱ्याला सोनं लुटतात तसं भरणीला, म्हणजे भरणीच्या दिवशी, पाणी घालू नये. मी मराठी बाई आहे आणि मला हे कळलं नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. दात न आलेलं मूल गेलं तर आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. त्याला श्राद्ध नसतं. त्याच्या नावाने कोणी पाणी सोडत नाही, कारण त्याला नावच नसतं. चाळीतली अशी मुलं गिरणीच्या मागे पुरायचे, खाजणाच्या कडेला, माती मऊ असायची म्हणून. काकांची मुलगी आठ दिवसांची होती. पुढे कचऱ्याच्या गाड्या आल्या आणि त्या जागेवरही भराव पडला, नेमका आज जिथे तीन नंबर आहे तिथे. किती मुलं असतील, मी विचारलं. गणती कोणी ठेवली नाही, म्हणाले.

भरणी यमाचं नक्षत्र. त्या दिवशी पाणी दिलं की ज्यांना कोणीच कधी दिलं नाही ती सगळी उठतात, आणि ज्या बाईच्या हाताने दिलं तिला आई समजतात. राधाकाकूंनी दिलं होतं. लेकीला तहान लागली असेल म्हणून. त्यानंतर त्या तीनदा गरोदर राहिल्या. तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पाणी फार झालंय. तिन्ही गेली. त्यानंतर काकांनी भिंत रंगवली.

मी काकांना म्हटलं, योगायोग असतो. घरी येऊन पिवळं झबलं कपाटात तळाशी ठेवून दिलं.

संध्याकाळी सहा. २.७१. हालचाल चौदा वेळा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भरतीचा परिणाम असणार. खाजणच होतं ते. भरतीचं वेळापत्रक काढून बसले. जुळत नाही. ओहोटीतही चढतंय. एक नंबर आणि दोन नंबर मात्र जागच्या जागी.

२.६०. हालचाल बावीस.

राजससरांना कळवलं. म्हणाले, आकडे इंटरेस्टिंग आहेत, चालू ठेव.

१५ सप्टेंबर, सोमवार

पोट एकदम वाढलंय. जिना चढताना धाप लागते. पद्मजाबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं. बाळ ठीक आहे, पाणी चोवीस झालंय. आठवड्यात चौदाचं चोवीस. साखर तपासायला दिली. होतं असं कधीकधी, म्हणाल्या.

तीन नंबर २.३२.

दोन्ही एकाच वहीत लिहायची बुद्धी कुठून झाली मला? दोन्ही आकडे एकाखाली एक आहेत. विहीर चढते तशी मी चढते.

हालचाल मोजली नाही. सलग असते. आता टिचकी नाही वाटत, आतून चाचपडल्यासारखं वाटतं. खूप छोटे हात अंधारात काहीतरी शोधतात तसं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मी इंजिनीअर आहे. पाणी जास्त झालंय ना, मग उपसायचं. तीन नंबरला पंप लावला. पहिल्या मिनिटातच पोटात अशी कळ आली की मी गवतावर आडवी झाले. काकांनी धावत येऊन बटण बंद केलं. कळ थांबली.

परत लावणार नाही. देवा, परत नाही लावणार.

विनीतला फोन केला, ये म्हटलं. हेलिकॉप्टर सोमवारी आहे. रडू नकोस म्हणतो. मी रडत नाहीये, मला भीती वाटतेय, हे त्याला कसं सांगू?

१७ सप्टेंबर, बुधवार

काका घरी आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, एक उपाय आसा. उदक सोडायचं. दान देताना हातावरून पाणी सोडून हक्क सोडतात, तसं. विहिरीपाशी उभं राहायचं, ओंजळीतून पाणी मातीत सोडायचं आणि म्हणायचं, तुम्ही माझी कोणी नाही, मी तुमची कोणी नाही.

मी विचारलं, काकूंनी का नाही केलं?

काका म्हणाले, तिला सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण त्यात आमची चेडू होती ना. आपल्या पोरीला तू माझी कोणी नाही असं ती कशी म्हणणार? तीन पोरं गेली पण ते तिने म्हटलं नाही. एवढं सांगून काका माझ्या दारात उभ्या उभ्या रडले. मीही रडले. ते रडत असताना माझ्या पोटात सगळं शांत होतं. ऐकत असल्यासारखं.

त्यांची मुलगी तिथे आहे. आणि तरीही मला वाचवायला ते हा उपाय सांगायला आले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

केलं. दुपारी बाराला. काका पाठ करून उभे राहिले. पाणी सोडलं, म्हटलं. तुम्ही माझी कोणी नाही. मी तुमची कोणी नाही.

वास गेला. लगेच. तीन नंबर २.१० वर होता, बघता बघता उतरायला लागला. चार वाजता ३.४०.

पोट हलकं वाटतंय. आठवड्यात पहिल्यांदा धड झोप लागली. काका मात्र जांभळीखाली बसून होते, जेवायलाही गेले नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

४.२५. पूर्वीच्याही खाली.

हालचाल — सकाळी नाही. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर झोपले. नाही.

दुपारी नाही.

कालपासूनच नाही का? काल झोपले तेव्हा होती का? मी लिहिलंच नाही काल. मला इतकं बरं वाटत होतं की मी लिहिलंच नाही.

४.६०.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी पद्मजाबाई. यंत्र फिरवत राहिल्या. ठोका आहे, पण फार मंद. पाणी चारवर आलंय. इतक्यात असं कसं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. आत्ताच्या आत्ता भरती व्हा. मी म्हटलं, फाईल घरी आहे, कपडे घेऊन येते. तासात या, म्हणाल्या.

टॅक्सीत कळलं मला. लालबागच्या अलीकडचा पूल उतरताना.

मी 'तुम्ही' म्हटलं. ज्यांना नाव नाही त्यांना म्हटलं. माझ्या बाळालाही नाव नाही. मीच ठेवू दिलं नाही. नाव असतं तर म्हणता आलं असतं, सगळी जा, फक्त — हे सोडून. काय सोडून? कशाने वेगळं काढणार होते त्याला? मीच आईला शिकवत होते, पाणी निवडत बसत नाही, ज्याच्यातून जातं त्या सगळ्याचं घेऊन जातं. आणि त्याने ऐकलं. आतून ऐकलं. त्याची आई मोठ्याने म्हणाली, तू माझं कोणी नाही.

बाळा, तुला नव्हतं रे म्हटलं. तुला नव्हतं.

सव्वाबारा

हॉस्पिटलला नाही गेले. तिथे काय करणार ते? पाणी इथे आहे.

५.०५. तळ दिसतोय.

काका नको म्हणतात. हात धरायला आले. मी म्हटलं, काका, तुमची पण येईल. त्यांनी हात सोडला. मग म्हणाले, आज भरणी नाही, यायची नाहीत ती. पण स्वतःच पंपघरातून बादली भरून आणली.

ओतली. म्हटलं, या. सगळी या. मी आहे. ज्यांना ज्यांना कोणी नाही त्यांची मी आहे, कोणाला नाही म्हणणार नाही. फक्त माझं सोबत घेऊन या. हाताला धरून आणा त्याला, लहान आहे ते.

४.०२

उतरत नाहीये —

३.७

वास. दुधाचा. काका खाली वाकून कोणाला तरी हाक मारतायत, नाव नाही, नुसतं बाय, बाय —

३.१ मोजपट्टी सोडली, आता गरज नाही, मला कळतंय किती —

हललं

हललं! डावीकडे. आलं माझं, आलं. राजा, ये. चुकले रे मी, पुन्हा कधी —

उजवीकडे पण. आणि वर, बरगडीखाली. आणि — इतके पाय — थांबा, हळू, सगळ्यांना जागा — पाणी पायाखाली आलंय, पाईपच्या वरून —

एक मंद आहे. एक फार मंद आहे, तेच असेल. नाही, हे पण मंद — सगळीच — कोणीतरी सांगा, यातलं माझं कुठलं, मला कसं —